मोडेम बदलण्याआधी तार ऐका

मोडेमची किरकिर संपते, पडद्याच्या कोपऱ्यात दोन छोटे कॉम्प्युटर लुकलुकू लागतात, इनबॉक्स अर्धा उघडतो आणि लाइन तुटते. पुन्हा डायल, पुन्हा किरकिर, बिलात आणखी एक लोकल कॉल. २००३ चा पावसाळा सरत आला तरी जळगाव, धुळे आणि आसपासच्या तालुक्यांत घरी किंवा दुकानात फोनच्या तारेवरून इंटरनेट घेतलेल्यांची ही कटकट सुरूच होती. कॉम्प्युटरवाला म्हणतो, मोडेम बदला. फोनवाले म्हणतात, लाइन चालू आहे, आमच्याकडे दोष नाही. इंटरनेट देणारी कंपनी म्हणते, तुमची लाइन खराब असेल. तिघांच्याही बोलण्यात तथ्य असू शकतं. पण गिऱ्हाइकाचे पैसे पहिल्याच सल्ल्यावर खर्च होतात, कारण या सगळ्यात मोडेम ही एकच वस्तू त्याला जळगावच्या गोलाणी मार्केटात जाऊन विकत घेता येते.

माझं मत असं, की आपल्या भागात मोडेमवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा. दोष बहुतेक वेळा तारेत असतो: टेबलापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून खांबापर्यंत आणि खांबापासून जमिनीखालच्या जोडापर्यंत. तो शोधायला यंत्र लागत नाही. कान लागतो आणि एकेक गोष्ट काढून बघायची चिकाटी लागते.

आधी हक्काचा वेग किती ते ठरवू. खोक्यावर ५६ के छापलेलं असतं. तेवढा वेग कुणालाच मिळत नाही. व्ही.९० जातीचे मोडेम १९९८ पासून बाजारात आले, आणि शहरात, एक्स्चेंजपासून दोनेक किलोमीटरच्या आत, स्वच्छ लाइनवर त्यांना ४४ ते ५० हजार बिटांचं कनेक्शन मिळालं तर ते उत्तम समजावं. आपल्याकडून पाठवण्याचा वेग तर ३३,६०० च्या वर जातच नाही, म्हणून पुण्याच्या भाच्याने पाठवलेला फोटो लवकर उतरतो आणि आपण पाठवलेला रखडतो. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे ४५ हजारांच्या कनेक्शनवर डाउनलोडच्या चौकटीत सेकंदाला चार-पाच केबी दिसणार आणि एक एमबीची फाइल उतरायला साडेतीन-चार मिनिटं लागणार. एवढं मिळत असेल तर तुमच्याकडे काही बिघडलेलं नाही. ब्राउझरमध्ये चित्रं बंद करा आणि पुढचा लेख वाचायला घ्या.

मिळत नसेल तर कनेक्ट झाल्यावर दिसणारा आकडा आठवडाभर वहीत लिहून ठेवा, वेळेसकट. तो पुष्कळ काही सांगतो. नेहमी १,१५,२०० दिसत असेल तर हरखून जाऊ नका. तो कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधल्या पोर्टचा वेग आहे, तारेचा नाही. मोडेमच्या कंपनीचा खरा ड्रायव्हर टाकला की बहुधा खरा आकडा दिसू लागतो. व्ही.९० चे आकडे सुमारे १,३३३ च्या पायऱ्यांनी चढतात: ४२,६६७, ४४,०००, ४५,३३३, ४६,६६७ असे. त्याआधीच्या व्ही.३४ च्या पायऱ्या २,४०० च्या आहेत: २४,०००, २६,४००, २८,८००, ३१,२००, ३३,६००. आता वही बघा. आकडे पहिल्या माळेतले, पण सकाळी ४६ आणि रात्री ३४ असे वरखाली होत असतील, तर लाइनवर गोंगाट आहे आणि तो शोधता येईल. मोडेम व्ही.९० चा असूनही आकडा कायम दुसऱ्या माळेतलाच, रोज तेवढाच स्थिर, तर वाटेत आवाजाचं डिजिटल रूपांतर एकापेक्षा जास्त वेळा होत असावं. व्ही.९० ला फक्त एकच रूपांतर चालतं. हे दुखणं घरात नाही. नवा मोडेम आणूनही तो आकडा हलणार नाही.

कान लावा

मोडेम बंद ठेवा. साधा फोन उचला, एक आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, आणि पुढचे काही सेकंद शांतपणे ऐका. पंखा आणि टीव्ही बंद असू द्या. चांगल्या लाइनवर जवळजवळ शांतता असते. टेलिफोनची यंत्रणा साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातले आवाज नेते, आणि मोडेमला आपली सगळी माहिती त्याच अरुंद गल्लीतून न्यावी लागते. माणसाला “हॅलो, काय म्हणतोस” एवढं कळायला पुरेशी असलेली लाइन मोडेमला पुरेशी असेलच असं नाही. “फोन तर नीट चालतो” हे वाक्य म्हणूनच फसवं आहे.

खरखर, चरचर, मधूनच फटफट: हा जोड ओला किंवा सैल असल्याचा आवाज. आपल्याकडचा हा सर्वांत मोठा आजार, आणि त्याचं कारण आपल्या पायाखाली आहे. तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. जमिनीखालची केबल दरवर्षी अशी ओढली-दाबली जाते, जोडावरचं आवरण कुठेतरी सुटतं, आणि पहिल्या दमदार पावसात तिथे पाणी शिरतं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात खांबावरच्या तारेचं प्लास्टिकही तडकलेलं असतं. धुळ्याकडचा लाइनमन डोकं वर न काढता सांगतो, “जॉइंटमा पानी भरायेल शे, भाऊ,” आणि तो बहुधा बरोबर असतो.

ओल्या जोडाच्या दोन खुणा आहेत. पहिली, वेळ. सकाळी आणि पावसानंतर खरखर, दुपारी ऊन पडलं की लाइन सुधारते. दुसरी खूण फारशी कुणाला माहीत नसते: बाहेरून कुणाचा फोन येऊन घंटी वाजली, की त्यानंतर थोडा वेळ लाइन स्वच्छ राहते आणि मोडेम चांगला लागतो. रिंगचा जास्त दाबाचा विद्युतप्रवाह गंजलेल्या जोडातून जाताना तो जोड तात्पुरता जुळवून देतो. असं होत असेल तर जोड गंजलाय हे नक्की समजा.

एकसुरी घूंऽऽ आवाज असेल तर विजेच्या तारांचा सासुरवास आहे. फोनची तार विजेच्या तारेला समांतर बरंच अंतर गेली असेल, किंवा फोनच्या दोन तारांपैकी एक कुठेतरी ओल्या भिंतीला, पत्र्याला टेकत असेल, तर पन्नास हर्ट्झची ही गुणगुण येते. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव या रेल्वेमार्गालगत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. गाडीच्या डोक्यावरच्या तारेत २५ हजार व्होल्टचा एसी प्रवाह असतो. रुळांना समांतर गेलेल्या फोनच्या तारेची एक बाजू कमजोर झाली असेल तर गाडी जाताना गुणगुण वाढते. निरोगी जोडीत दोन्ही तारांवर ती सारखीच येते आणि एकमेकींना खोडून टाकते, म्हणून दोष रेल्वेत शोधू नका, आपल्या जोडीतच शोधा.

शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येतं? केबलमध्ये दोन जोड्यांचं आवरण झिजलंय. मंद आवाजात रेडिओ ऐकू येतो? हाही गंजलेल्या जोडाचाच खेळ. गंज रेडिओच्या लहरी पकडून त्यांचा आवाज करतो. खरखर काहीच नाही, पण सगळ्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल? मग एक्स्चेंज लांब असेल, किंवा एखादा जोड अर्धवट तुटलाय.

आता एकेक काढत चला

इथे घाई करू नका. घरातले सगळे फोन काढा: माडीवरचा पॅरलल, कॉर्डलेस, नंबर दाखवणारा कॉलर आयडीचा डबा, फॅक्स, सगळं. भिंतीवरच्या पहिल्या रोझेटला, म्हणजे बाहेरून तार जिथे घरात शिरते त्या पांढऱ्या डबीला, फक्त मोडेम जोडा, तेही छोट्या तारेने. कॉम्प्युटर उचलून तिथे न्यावा लागला तर न्या. आता डायल करून आकडा बघा. एकदम सुधारला तर दोष घरात आहे, आणि ही आनंदाची बातमी, कारण तो तुमच्या हातातला आहे. मग एकेक वस्तू परत जोडत जा. जिच्यामुळे आकडा पडेल ती दोषी. कॉलर आयडीचे स्वस्त डबे या यादीत वारंवार वर येतात. दुसरा मान घरातल्या वायरिंगचा: ट्यूबलाइटच्या पट्टीतून, पंख्याच्या वायरसोबत, दाराच्या चौकटीत चेपून नेलेली लांबलचक चपटी तार. ती काढून दोन तारा एकमेकींभोवती पीळ घातलेली टेलिफोनची चांगली वायर विजेपासून हातभर लांबून न्या. मधले जोड टाळा. चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पुढच्या जुलैत पुन्हा खरखरणार.

मोडेमच्या मागे दोन खाचा असतात, एक लाइनची आणि एक फोनची. तार चुकीच्या खाचेत असल्याचं मी चांगल्या शिकल्या-सवरलेल्या घरांतही पाहिलंय.

एक सावधगिरी: एक्स्चेंजमधून तारेवर ४८ व्होल्ट असतात, त्यांचं विशेष काही वाटत नाही, पण उघड्या तारा हातात असताना घंटी वाजली तर चांगलाच झटका बसतो. स्क्रू सोडताना पायात चप्पल असू द्या आणि दोन्ही तारा एकदम पकडू नका.

पहिल्या रोझेटवरही खरखर कायम असेल तर दोष बाहेर आहे आणि तक्रार करायची आहे. तक्रारीच्या नंबरावर (२००३ मध्ये तो १९८ होता) फोन करा, पण “इंटरनेट स्लो आहे” असं चुकूनही सांगू नका. त्यावर तुम्हाला इंटरनेटच्या खात्याकडे पाठवलं जाईल. “फोनवर खरखर आहे, बोलणं ऐकू येत नाही” असं सांगा. ते खरंही आहे आणि ती थेट लाइनची तक्रार ठरते. शक्यतो त्याच खरखरत्या फोनवरून, सकाळी, खरखर चालू असताना लावा. तक्रार घेणाऱ्यालाही ती ऐकू येते. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. लाइनमन दुपारी दोनला आला आणि लाइन सुकून स्वच्छ झालेली असली, तर तो “दोष नाही” लिहून जाईल. म्हणून वहीतले आकडे आणि वेळा त्याला दाखवा, चहा द्या, आणि तीन गोष्टी मागा. घरापासून खांबावरच्या डीपीपर्यंतची, म्हणजे तारा वाटणाऱ्या डबीपर्यंतची, ड्रॉप वायर जुनी असेल तर सलग नवी. डीपी आणि रस्त्याकडेच्या पिलरच्या पेटीमधले स्क्रू साफ करून घट्ट. एवढ्यानेही भागलं नाही तर केबलमधली जोडी बदलून, कारण केबलमध्ये काही जोड्या मोकळ्या असू शकतात आणि सगळ्याच ओल्या नसतात.

एक्स्चेंजच्या एमडीएफवरून, म्हणजे सगळ्या लाइन जिथे येऊन जोडतात त्या चौकटीवरून, लाइनचं इन्सुलेशन आणि लूप, म्हणजे दोन्ही तारांचा मिळून रोध, मोजता येतो. मोजायला सांगा आणि आकडा विचारा. अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याच्या जोडीचा लूप किलोमीटरला साधारण १७५ ओहम भरतो. तुमचं घर दीड किलोमीटरवर आहे आणि आकडा सहाशे निघाला, तर तार बारीक जाडीची तरी आहे किंवा वाटेत एखादा जोड कुजलाय. असं आकड्यानिशी विचारणाऱ्या ग्राहकाशी बोलायचा सूर बदलतो.

खेड्यांत प्रश्न थोडा वेगळा. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेने विकसित केलेली छोटी ग्रामीण एक्स्चेंजं वातानुकूलनाशिवाय, आपल्यासारख्या उन्हाळ्यात टिकावीत अशीच घडवलेली होती. पण भारनियमन लांबलं आणि तिथल्या बॅटऱ्या थकलेल्या असल्या, की वीज जाऊन काही तास झाल्यावर लाइनच आजारी पडायची. रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांनी मेल बघायची वेळ वीज आल्यानंतरची ठेवलेली बरी. फोन तारेऐवजी अँटेनावरून दिलेला असेल, तर त्याला साधा मोडेम जोडून फार तर ९,६०० च्या आसपास वेग मिळेल, कारण त्या यंत्रणेत आवाज आधीच दाबून पाठवलेला असतो. कॉरडेक्ट जातीच्या वायरलेस फोनला मात्र मोडेमशिवाय, थेट डब्यातून ३५ किंवा ७० हजारांचं कनेक्शन मिळायचं. म्हणून डबा कोणता ते आधी बघावं लागे.

विजेचा आणखी एक त्रास. संध्याकाळी पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की घरातला दाब १७० व्होल्टपर्यंत उतरतो, आणि बाहेरच्या मोडेमचा छोटा ॲडॅप्टर अर्धपोटी राहून मोडेम मध्येच झोपी जातो. लाइन रोज संध्याकाळी त्याच सुमाराला तुटत असेल आणि त्याच क्षणी बल्ब मंद होत असेल, तर ॲडॅप्टर यूपीएसच्या मागे लावा.

लाइन सुधारेना, मग मोडेमला समजवा

हे सगळं करूनही लाइन जेमतेमच असेल, तर लोक वेग वाढवायच्या युक्त्या शोधतात. उलट करा, वेग कमी करा. गोंगाटाच्या लाइनवर मोडेम हावरटपणे ४४ हजारांवर जोडला जातो, मग चुका होतात, चुकलेले तुकडे पुन्हा मागवले जातात, मध्येच दोन्ही टोकं थांबून नव्याने वेग ठरवतात आणि शेवटी लाइन तुटते. पडद्यावर ४४ दिसतं, हातात १५ पडतं. व्ही.९० बंद करून मोडेमला व्ही.३४ वर बांधलं की २८,८०० किंवा ३१,२०० मिळतं आणि ते तासभर टिकतं. कंट्रोल पॅनेल, मोडेम्स, प्रॉपर्टीज, कनेक्शन, ॲडव्हान्स्ड या वाटेने “एक्स्ट्रा सेटिंग्ज”ची चौकट उघडा. कोनेक्संट चिपच्या मोडेमला तिथे “+एमएस=व्ही३४” लिहायचं, अर्थात इंग्रजी अक्षरांत. इतर चिपांचे हुकूम वेगळे आहेत, मोडेमसोबतच्या पुस्तिकेत बघा. त्याच चौकटीत “एस१०=५०” लिहिलं, की क्षणभर आवाज गेला तरी मोडेम पाच सेकंद वाट बघतो, लगेच फोन ठेवत नाही. फटफटणाऱ्या लाइनवर एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो.

कॉल वेटिंगची सोय घेतली असेल तर ती बंद करून घ्या. दुसरा फोन आला की वाजणारी टूंक मोडेमला सहन होत नाही. आणि विंडोज ९८ मध्ये डायल-अपच्या “सर्व्हर टाइप्स” पानावर “लॉग ऑन टू नेटवर्क”, नेटब्युई आणि आयपीएक्स यांच्या खुणा काढून फक्त टीसीपी/आयपी ठेवा. वेग वाढणार नाही, पण पासवर्ड तपासताना लागणारा उगाचचा वेळ वाचेल.

चुकांचे आकडेही पाहून ठेवा, म्हणजे कुणाशी भांडायचं ते कळतं. ६८० म्हणजे डायल टोन नाही: तार निघालीय, कुणी पॅरलल उचललाय किंवा लाइनच मृत आहे. फोनवर टोन येत असूनही ६८० दिसत असेल तर “वेट फॉर डायल टोन”ची खूण काढा. ६७६ म्हणजे पलीकडे गर्दी. बारावीच्या निकालाच्या दिवशी याला औषध नाही. ६७८ म्हणजे पलीकडून उत्तरच नाही. नंबर तपासा, कारण विंडोज कधी कधी शहाणपणा करून इंटरनेटच्या तेव्हाच्या १७२ ने सुरू होणाऱ्या नंबराआधी जळगावचा ०२५७ किंवा धुळ्याचा ०२५६२ हा कोड लावतं. “यूज एरिया कोड” ची खूण काढली की ते थांबतं. जुन्या एक्स्चेंजवर टोनऐवजी पल्स डायलिंग ठेवून पाहा. ६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकलाय, नाहीतर तास संपले. इथे लाइनमनला बोलावू नका.

एका गोष्टीची खास दखल, कारण ऑगस्ट २००३ पासून तिच्यामुळे पुष्कळांनी विनाकारण मोडेम बदलले. विंडोज २००० किंवा एक्सपी असलेलं मशीन इंटरनेटला जोडल्यावर थोड्या वेळात “साठ सेकंदांत बंद होत आहे” अशी चौकट दाखवून बंद पडत असेल, तर तो ११ ऑगस्टपासून जगभर पसरलेला ब्लास्टर नावाचा किडा आहे. कुठलीही फाइल न उघडता, नुसतं लाइनवर आल्याने तो शिरतो. एक्सपीत कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड पानावर फायरवॉल चालू करा, मगच जोडा, आणि मायक्रोसॉफ्टने जुलैत दिलेली दुरुस्ती उतरवून घ्या. डायल-अपवर ते अवघड वाटत असेल तर ओळखीच्या सायबर कॅफेतून सीडीवर आणा. विंडोज ९८ वाल्यांना हा किडा लागत नाही.

मोडेम खरंच मेला असेल तर? तो तपासायची सोपी रीत म्हणजे तुमचा मोडेम मित्राच्या चांगल्या लाइनवर आणि मित्राचा तुमच्या लाइनवर लावून बघणं. दोन्हीकडे तुमचाच रडला तरच पैसे काढा. घेताना, जमलं तर, स्वतःचा प्रोसेसर असलेला बाहेरचा मोडेम घ्या. आतले स्वस्त कार्ड-मोडेम आपलं काम कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर ढकलतात. जुन्या मशीनवर व्हायरस तपासणी सुरू झाली की त्यांची लाइन सुटते.

आणि मोडेम मेल्याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं कारण म्हणजे आकाशातली वीज. ती मोडेममध्ये विजेच्या प्लगातून येते तशी फोनच्या तारेतूनही येते, आणि मोडेम जाताना मदरबोर्ड सोबत घेऊन जातो. परतीच्या पावसात, ऑक्टोबरभर, दुपारनंतर ढग दाटले की कॉम्प्युटरचा प्लग आणि टेलिफोनची तार दोन्ही काढून ठेवा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. बाजारात मिळणारे सर्ज प्रोटेक्टर घराचं अर्थिंग खरं असेल तरच उपयोगी पडतात. जुन्या वाड्यांतलं अर्थिंग आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आणि गडगडाट सुरू झाल्यावर तार काढायला हात घालू नका. ती त्याआधीच काढलेली असावी.